अर्धं कर्ज माफ होते, असं मी म्हणालो

मी मुलीशी खोटं बोललो, हे आता आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्याबद्दल खरं तर शिव्या बसायला हव्या होत्या, पण मान मिळाला; ते पुढे येईलच. एक गोष्ट मात्र मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. आपण बोललो ते खोटं आहे हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, आणि मुलीला आपला निर्णय बदलायला तेव्हा चार दिवस शिल्लक होते. ते चारही दिवस मी गप्प बसलो.

मी रायपूरला एका सरकारी खात्यात बडे बाबू आहे. वडील रेल्वेच्या नोकरीपायी वर्ध्याकडून इकडे आले आणि ब्राह्मणपाऱ्यात राहिले; पारा म्हणजे इकडचा मोहल्ला. तिथेच मी वाढलो, तिथेच आजही आहे. तीस वर्षं मी नस्त्या, म्हणजे तुमच्याकडच्या फायली, या टेबलावरून त्या टेबलावर सरकवल्या. त्यामुळे घरात, नात्यात, पाऱ्यात कुठलाही सरकारी प्रश्न निघाला की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. रेशनकार्डात नाव कसं चढवायचं, कुणाच्या आत्याची पेन्शन कुठे अडकली, नळाचं कनेक्शन कुणाच्या सहीने मिळतं. ‘माहीत नाही’ असं मी घरात कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. ऑफिसातही आम्ही तसं लिहीत नाही. ‘परीक्षण किया जा रहा है’ असं लिहितो.

मुलगी एमबीबीएस झाली. आमच्या दोन्हीकडच्या खानदानात पहिली डॉक्टर. तिची फी, हॉस्टेल, मेस, पुस्तकं, सगळं बँकेच्या शैक्षणिक कर्जावर. कर्जदार ती, सहकर्जदार मी. शिवाय इकडे एक बंधपत्र असतं: शिक्षण झालं की दोन वर्षं सरकार देईल त्या आरोग्य केंद्रात काम करायचं, नाहीतर मोठी रक्कम भरायची. ते करायचंच होतं, त्यात वाद नव्हता. प्रश्न होता कुठे करायचं. पसंतीक्रम ऑनलाइन भरायचा होता आणि तिच्या गुणांवर दोन जागा मिळण्यासारख्या होत्या. एक रायपूरपासून तासाभरावर. स्कूटीने जा-ये करायची, संध्याकाळी पीजीच्या परीक्षेचा क्लास लावायचा, आपल्या पलंगावर झोपायचं. दुसरी दक्षिणेकडे, बसने नऊ तास, पुढे जीप. तिथे मानधन थोडं जास्त होतं, बाकी सगळं कमी. तिला लहान मुलांची डॉक्टर व्हायचं होतं. पहिली जागा घ्यायची हे तिचं ठरलेलं होतं.

त्या रविवारी बायकोचा भाऊ नागपूरहून आलेला होता. हा माणूस दिवसभर मोबाईलवर आलेलं ज्ञान साठवतो आणि जेवायला बसलं की वाढायला घेतो.

“भाऊजी, मले एक सांगा,” तो म्हणाला, “दुर्गम भागात गेलं त डॉक्टरचं शिक्षणाचं कर्ज माफ होते म्हणतात. आमच्याकडे एक जण सांगून राहिला होता. तुम्ही सरकारी माणूस. होते का?”

पोळीचा घास माझ्या तोंडात होता. तो चावेपर्यंत मला वेळ होता. बायको वाढता वाढता थांबली. मुलीने फोनवरून मान वर केली. मेहुण्याच्या चेहऱ्यावर ती खास नागपुरी उत्सुकता होती, की जावयाला येते का नाही येत ते पाहू. मी घास गिळला आणि म्हणालो,

“होते.”

“पूर्ण?”

“पूर्ण काहून होईल? सरकार काय सासरा आहे का? अर्धं होते.”

ते ‘अर्धं’ कुठून आलं, मला आजही सांगता येणार नाही. पण त्याने काम केलं. पूर्ण म्हटलं असतं तर मेहुण्याने जीआर मागितला असता. अर्ध्यावर कुणी शंका घेत नाही. अर्ध्यात सरकारचा कंजूषपणाही दिसतो आणि त्यामुळे ते खरं वाटतं.

“सच में, बाबा?” मुलीने विचारलं. ती मराठी समजते सगळं, उत्तर बहुतेक हिंदीत देते.

“मग. पण दोन वर्षं पूर्ण केली पायजेत. मधात सोडलं त मिळत नाही.”

ही अटही मीच घातली, बसल्या जागी, कुणी मागितली नसताना. तीस वर्षांची सवय. अट नसलेली योजना मी आयुष्यात पाहिली नव्हती, मग काढणार कशी?

मुलीने तिथल्या तिथे फोनवर आकडेमोड केली. मग म्हणाली, “आधा मतलब बहुत होता है, बाबा. तुमच्या रिटायरमेंटच्या आधी आपण मोकळे होऊ.” आणि जेवण झाल्यावर हात धुऊन तिने पसंतीक्रम उलटा केला. नऊ तासांची जागा वर, तासाभराची खाली. मेहुणा म्हणाला, “वा! याले म्हणतात मार्गदर्शन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मी माझ्या जुन्या ओळखीच्या एका बाबूला फोन केला. तो डॉक्टरांच्या बंधपत्रांच्याच टेबलावर बसतो. मला वाटलं, असेलही काहीतरी. सरकारात इतक्या योजना असतात की डोळे मिटून दगड मारला तरी एखादीला लागावा.

“कौन सी माफी, भैया?” तो म्हणाला. “बंधपत्र अलग कागज, बैंक का लोन अलग कागज. हमको बैंक से क्या लेना-देना? दूर जाने का थोड़ा ज्यादा मानदेय मिलता है, बस.”

“पक्कं?”

“हव, पक्का. काबर पूछत हस?”

का विचारतोस, यावर मी म्हणालो, असंच. एका मित्राच्या मुलीसाठी.

पसंतीक्रम बदलायची मुदत शुक्रवारी संध्याकाळपर्यंत होती. तो दिवस सोमवार. मी ठरवलं, आज घरी गेल्याबरोबर सांगायचं. घरी मेहुणा होता. त्याच्यासमोर कसं सांगणार? तो मंगळवारी दुपारच्या गाडीने गेला. तो माझ्या बेअब्रूचा साक्षीदार होऊ नये एवढ्यासाठी मी मंगळवारची सकाळ वाया घालवली. मंगळवारी संध्याकाळी बायको हळदीकुंकवाला गेली आणि परत आली तेव्हा आमच्या मराठी मंडळींच्या चौदा घरांत ती योजना पोचली होती. “सगळ्या म्हणून राहिल्या होत्या, तुमच्या ह्यांना किती माहिती असते,” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी लग्नाच्या अल्बममध्येही पाहिलेलं नाही. बुधवारी मुलीने मच्छरदाणी, टॉर्च आणि रबराचे बूट आणले आणि बूट घालून घरभर चालून दाखवलं. गुरुवारी ऑफिसात बसून मी एका नोटशीटच्या मागे काय बोलायचं ते लिहून काढलं. लिहिता लिहिता ते असं झालं: ‘पूर्व में दी गई जानकारी के संबंध में निवेदन है कि…’ मी तो कागद फाडला. शुक्रवारी मी ऑफिसातून उशिरा निघालो. मुद्दाम. घरी पोचलो तेव्हा मुदत संपलेली होती, आणि मला हलकं वाटलं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खरंच हलकं वाटलं. आता सांगून उपयोग नव्हता ना!

मुलगी गेली. सहा-सात महिन्यांनी बँकेचा हप्ता सुरू झाला. हप्त्याचा मेसेज सहकर्जदार म्हणून माझ्या फोनवर यायचा. मी तिला सांगितलं, तू तुझ्या पगारातून अर्धा हप्ता माझ्या खात्यात टाकत जा. अर्धा सरकार परस्पर भरते. मग दर महिन्याला सरकारचा भाग मी भरू लागलो.

ती ज्या टेकडीवर नेटवर्क यायचं तिथे जाऊन फोन करायची.

“बाबा, सरकारचा हिस्सा आला?”

“आला ना. पाच तारखेलेच आला.”

असं तीन-चार महिने झालं. मग एकदा ती म्हणाली, “बाबा, कुछ गड़बड़ लग रही है. हमारा खुद का मानदेय टाइम पे नहीं आता, और ये हिस्सा हर महीने पाँच को? सरकार इतनी सुधर गई?”

पुढचे दोन महिने मी बँकेत वेळेवरच पैसे भरले, पण तिला सांगितलं की सरकारचं अडकलं, वर फाइल पडून आहे, मी मागे लागलो आहे. तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. “हाँ, अब ठीक है,” ती समाधानाने म्हणाली.

आता हे पैसे आणायचे कुठून? जीपीएफमधून, म्हणजे माझ्या भविष्यनिधीतून, एकदा उचलले. दुसऱ्यांदा उचलायला कारण नव्हतं. मग मी बीरगांवच्या एका झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी बसू लागलो. त्या बाजूला कारखान्यांतले कामगार राहतात. कुणाचा पीएफ अडकलेला, कुणाच्या नावात चूक, कुणाचा बाप कागदावर जिवंत. मी त्यांचे फॉर्म भरायचो, अर्ज लिहायचो. सरकारी माणसाने असं करायचं नसतं, हेही इथेच कबूल करतो. घरी सांगितलं होतं की डॉक्टरने शुगरसाठी चालायला सांगितलं आहे, मी बूढ़ा तालाबाला चकरा मारतो.

बायकोने दोन-तीन महिने ऐकून घेतलं. मग एक दिवस म्हणाली, “तुम्ही रोज दोन-दोन घंटे चालून राहिले. पोट तर तसंच आहे.”

“आतून कमी होऊन राहिलं,” मी म्हणालो.

त्यानंतर ती एका संध्याकाळी स्वतः तलावावर गेली. मी घरी आलो तर दारात उभी.

“मी तीन चकरा मारल्या. तुम्ही दिसले नाही.”

“मी उलट्या बाजूने फिरतो.”

“अहो, उलट्या बाजूने फिरलं त एका चकरेत दोनदा भेटायले पायजे.”

मी चपला काढून आत गेलो. त्या दिवसापासून तिच्या मनात बाई आली. माझे शर्ट धुवायला टाकण्याआधी ती हुंगू लागली. त्यांना डिंकाचा आणि झेरॉक्सच्या शाईचा वास यायचा, त्यामुळे ती आणखीच गोंधळली. कसली बाई असेल ही, असं तिला वाटत असणार.

एकदा मी मुलीकडे गेलो. मनात ठरवून गेलो होतो की आता सांगून टाकायचं. निदान दुसरं वर्ष तरी तिला बदली मागता येईल. नऊ तास बस, मग जीप. आरोग्य केंद्र म्हणजे तीन खोल्या, समोर मोहाचं झाड, त्याखाली बायकांची रांग. सगळ्या तिला दीदी म्हणत होत्या. ती त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलत होती. माझ्याशी धड मराठीत न बोलणारी पोट्टी वर्षभरात गोंडी शिकली होती. दुपारी रांग संपल्यावर तिने मला स्टुलावर बसवलं आणि नर्सला सांगितलं, “ये मेरे बाबा हैं. इन्हीं के कारण मैं यहाँ आई.” नर्सने मला हात जोडून नमस्कार केला.

मी घसा खाकरला. “बेटा, एक सांगायचं होतं.”

“पहले बीपी दिखाइए, चेहरा लाल दिख रहा है.” तिने पट्टा गुंडाळला, हवा भरली आणि तिचे डोळे मोठे झाले. “बाबा! इतना? टेंशन किस बात का है?”

“बसचं,” मी म्हणालो.

तिने मला गोळी दिली, आडवं केलं आणि एक तास बोलू दिलं नाही. तो एक तास संपल्यावर मीही बोललो नाही. ती गोळी मी आजही घेतो. त्या बीपीचं खरं कारण तिच्या नोंदवहीत नाही.

परत आल्यावर महिनाभरात आणखी एक प्रकार झाला. एका रविवारी सकाळी दार वाजलं. तीन तरुण डॉक्टर, मुलीच्याच ब्लॉकमधल्या, म्हणजे तालुक्यातल्या, वेगवेगळ्या केंद्रांतले. सुट्टीवर आले होते. हातात मिठाईचा डबा, बगलेत फायली. त्यांच्यातला उंच, चष्म्याचा मुलगा पुढे झाला.

“अंकल, दीदी ने बताया आधा लोन माफ करवाया आपने. हम लोगों का भी करवा दीजिए ना. सब कागज तीन-तीन प्रति में लाए हैं.”

बायकोने त्यांना पोहे दिले आणि अभिमानाने म्हणाली, “होऊन जाईन. ह्यांच्या हातचं काम आहे.”

नाही म्हणावं तर का नाही ते सांगावं लागणार. मी चष्मा लावला आणि तिन्ही फायली शांतपणे पाहिल्या. मग म्हणालो, “दुर्गम भागाच्या माफीचं या वर्षीचं बजेट संपलं.”

“ओह,” तिघंही एकदम म्हणाले. एकानेही शंका घेतली नाही. योजना खोटी असू शकते हे पटायला माणसाला वेळ लागतो. बजेट संपलं हे लगेच पटतं.

पण फायली हातात आल्या होत्या, आणि फाइल हातात आली की ती वाचल्याशिवाय मला राहवत नाही. चष्म्याच्या मुलाच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना शिकत असतानाच्या काळातल्या व्याजावर खरोखरच सवलत असते. त्याने उत्पन्नाचा दाखला त्याच्या बँकेत दिलेलाही होता. पावती फायलीत होती. सवलत मात्र कुणी मागितलेलीच नव्हती. मी त्या शाखेला एक पत्र लिहिलं. मग दुसरं. मी पत्र लिहायला बसलो की समोरचा उत्तर देईपर्यंत थांबत नाही. सहाव्या पत्राला व्याजाचा बराच भाग त्याच्या खात्यात परत आला. दुसऱ्याची मुदत वाढवून हप्ता कमी करून घेतला. तिसरी डॉक्टर मुलगी होती, तिला प्राप्तिकरात व्याजाची वजावट मिळते हे सांगितलं, जे तिच्या सीए असलेल्या काकाला माहीत नव्हतं. तिघांनी माझ्या पाया पडून घेतलं. मी माझ्या मुलीसाठीही तीच व्याजाची सवलत तपासली. ती तिला मिळत नव्हती. माझा पगार मर्यादेच्या वर होता. तिच्या सवलतीच्या आड येणारा माणूस मीच होतो, आणि तो पगाराचा दाखला मी शाईच्या पेनने फार सुबक भरून दिला होता.

चष्म्याचा मुलगा मात्र कृतज्ञ होता आणि हुशारही. हे दोन्ही गुण एकत्र असले की धोका असतो. त्याला वाटलं, या वर्षीचं बजेट संपलं तर पुढच्या वर्षासाठी आधीच तयारी ठेवावी. अंकलना पुन्हा त्रास नको. म्हणून त्याने मला न सांगता माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला: दुर्गम क्षेत्रात सेवा देणाऱ्या डॉक्टरांचं अर्धं शैक्षणिक कर्ज कोणत्या आदेशाने माफ होतं, त्याची प्रमाणित प्रत द्यावी.

महिन्याभरात उत्तर आलं. त्याने ते माझ्या मुलीला दिलं. ती दुसऱ्या दिवशीच्या बसमध्ये बसली.

सकाळी आठला ती घरात आली, बूट न काढता. तिने तो कागद माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. ‘लेख है कि ऐसी कोई योजना इस कार्यालय द्वारा संचालित नहीं है.’ मी तो वाचला, आणि पहिली गोष्ट काय बोललो असेन?

“जावक क्रमांक नाही टाकला यांनी.”

“बाबा!”

बायको आतून आली. “काय झालं?”

“माफी नाहीये, आई. कभी थी ही नहीं.” मग माझ्याकडे वळून: “फिर आधा हिस्सा कौन भर रहा था?”

मी कपाकडे पाहत म्हणालो, “मी.”

“कहाँ से?”

जीपीएफ सांगितला. बीरगांव सांगितलं. झेरॉक्सचं दुकान सांगितलं. बायकोच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: “म्हणजे बाई नव्हती?”

“कौन सी बाई?” मुलीने विचारलं.

“काही नाही,” बायको म्हणाली आणि रडू लागली. मग मुलगीही रडली. मला वाटलं, आता शिव्या बसणार. पण दोघींचं रडणं वेगळ्याच दिशेने गेलं. मुलीने माझा हात धरला. शाईने काळी पडलेली बोटं पाहिली. “पागल हो क्या, बाबा? मुझ पर बोझ न पड़े इसलिए…” तिने स्वतःच सगळी कथा जुळवली होती: बाबांना वाटलं योजना आहे, नंतर कळलं की नाही, तोवर पोरगी जंगलात पोचलेली, मग बाबांनी मुकाट्याने स्वतःच्या कष्टाने सरकारची जागा घेतली.

संध्याकाळी नागपूरहून मेहुण्याचा फोन आला. बायकोने स्पीकरवर लावला. “भाऊजी,” तो हुंदका देत म्हणाला, “मी तुम्हाले ओळखलंच नव्हतं. देवमाणूस आहे तुम्ही.” पुढच्या हळदीकुंकवात ही कथा चौदा घरांत पोचली. आता कोपऱ्यावरचा पानवाला माझ्याकडून सुट्टे पैसे घेत नाही. ऑफिसात साहेबांनी स्वतः उठून खुर्ची दिली. मी आजवर खोटं पकडलं गेलेली माणसं बरीच पाहिली आहेत, पण त्यासाठी सत्कार झालेला मी एकटाच.

त्या सकाळी रडणं ओसरल्यावर मुलीने एक प्रश्न विचारला होता. अगदी साधा. ती बुटाची नाडी सोडत होती, माझ्याकडे पाहतही नव्हती.

“बाबा, तुम्हाला कधी समजलं? की योजना नाही म्हणून?”

हे तिने मराठीत विचारलं. म्हणून मला तो प्रश्न आणखी जड गेला. उत्तर माझ्याकडे होतं, वेळेसकट.

मी म्हणालो, “नंतर.”

“हाँ, वही,” ती म्हणाली आणि आत अंघोळीला गेली.

तिने दोन वर्षं तिथेच पूर्ण केली. मी म्हटलं बदली माग, तर म्हणाली, आता अर्ध्यात सोडणार नाही. पीजीची परीक्षा तिने तिथूनच दिली, क्लास नाही, नेटवर्क नाही, दिवसा पेशंट. जमलं नाही. तासाभरावरची ती पहिली जागा तिच्याच वर्गातल्या एका मुलीला मिळाली होती. ती मुलगी रोज स्कूटीने जायची, संध्याकाळी क्लासला बसायची. तिला याच वर्षी बालरोगात सीट मिळाली. तिच्या घरून पेढे आले. माझ्या मुलीने दोन खाल्ले आणि डबा माझ्यापुढे केला. “घ्या ना, बाबा.” तो पेढा माझ्या घशातून उतरायला पोळीच्या त्या घासापेक्षा जास्त वेळ लागला.

ती म्हणते, तिथे जे शिकले ते इथे शिकले नसते. खरं असेल. तिच्या हातून बरी झालेली मुलं मी पाहिली आहेत. पण ते तिचं आहे. मी ते माझ्या बाजूला लिहू शकत नाही. मी तिला तिथे पाठवलं ते त्या मुलांसाठी नाही, पोरीवरचा बोजा कमी व्हावा म्हणून तर अजिबात नाही. मेहुण्यासमोर ‘माहीत नाही’ म्हणावं लागू नये म्हणून पाठवलं.

सध्या ती घरीच आहे. सकाळी एका नर्सिंग होममध्ये ड्यूटी करते, दुपारपासून अभ्यास. पूर्ण हप्ता मीच भरेन असं ती म्हणाली होती. अर्धा माझा, यावर मी अडून बसलो. तिला वाटतं तो माझा मोठेपणा आहे. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. आता सांगितलं तर तिचं मन विचलित होईल, म्हणून परीक्षेनंतर तिला हे वाचायला द्यायचं असं मी ठरवलं आहे. पण त्या आठवड्यातही मी रोज काहीतरी असंच चांगलं कारण शोधून काढलं होतं, म्हणून या कारणावरही माझा फारसा विश्वास नाही. लिहून ठेवलं ते त्यासाठी. कागदावर आलं की मला ते दाबून ठेवता येत नाही; निदान तशी सवय तरी आहे.

बँकेचे माझ्या वाट्याचे चौपन्न अर्धे हप्ते बाकी आहेत. ते मी भरीन. मुलीची दोन वर्षं माझ्याकडे निघतात, ती परत करायची काही सोय नाही. आणि ‘नंतर’ नव्हे, दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी साडेअकराला, मुदत संपायला चार दिवस असताना, हे उत्तर तिला तोंडाने द्यायचं आहे. ते अजून दिलेलं नाही.